मधल्या नावाचा गृहपाठ

लेकीच्या दुसरीच्या वर्गाला गृहपाठ आला: आपल्या नावाचा अर्थ घरी विचारा, लिहून काढा आणि पालकांसमोर वाचून दाखवा. इथे जपानमधल्या शाळांत हे नेहमीचंच आहे म्हणे. मला मात्र दरदरून घाम फुटला.

तिच्या मधल्या नावात जो माणूस आहे तो मी नव्हे. तिचे वडील ती दीड वर्षाची असताना वारले. पुढे तिच्या आईशी माझं लग्न झालं, आम्ही इथे फुनाबोरीला राहायला आलो आणि ती मला बाबा म्हणू लागली. नाव तेवढं तेच राहिलं. लोक विचारतील, पोरीला उत्तर देता येणार नाही, असं मी बायकोला पटवत होतो. खरं सांगायचं तर जळत होतो मी. तेही गेलेल्या माणसावर. राजपत्रात नाव बदलायचा अर्ज लॅपटॉपवर भरून तयार होता. बायको एवढंच म्हणाली, "आधी तिला विचार." तेच तर जमत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कावासाकीच्या ऑफिसात जेवताना नॉर्वेच्या सहकाऱ्याला सहज म्हणून विचारलं, तुझ्या आडनावाचा अर्थ काय रे?

"हान्सचा मुलगा," तो म्हणाला. शेवटचं 'सेन' म्हणजे मुलगा. पूर्वी त्यांच्याकडे बापाचंच नाव पुढे लागायचं; मुलगी असेल तर 'हान्सची मुलगी'. दर पिढीला ते बदलायचं. मग शंभरेक वर्षांपूर्वी कायदा आला, घराला एकच आडनाव धरा म्हणून. ज्या घरात तेव्हा जे होतं ते चिकटलं.

"म्हणजे तुझे वडील हान्स?"

"छे. हान्स माझ्या पणजोबांचे वडील. मासे धरायचे. त्यांचा फोटोसुद्धा नाही आमच्याकडे."

"मग तू दुसऱ्याच कुणाचा मुलगा म्हणून मिरवतोस, त्याचं वडिलांना काही वाटत नाही?"

त्याने घास हातातच धरून माझ्याकडे पाहिलं. "काय वाटणार? मला पोहायला त्यांनीच शिकवलं."

एवढा शहाणा समजतो मी स्वतःला, आणि इतकी साधी गोष्ट दुसऱ्याने सांगावी लागली. घरी येऊन आधी तो अर्ज पुसून टाकला. मग लेकीला जवळ बसवून म्हटलं, मधलं नाव तुझ्या जन्मदात्या बाबांचं आहे, ते तुझंच राहणार, तुला हवं ते लिही. "वाकात्ता," म्हणजे कळलं, एवढंच म्हणून ती पेन्सिलीला टोक करायला गेली. किती दिवसांनी मी पोटभर जेवलो.

शनिवारी आम्ही पालक वर्गात मागच्या भिंतीला लागून उभे होतो. तिची पाळी आली. तिने जपानीत, खणखणीत आवाजात वाचलं:

"मधलं नाव माझ्या पहिल्या बाबांचं आहे. मी बाळ होते तेव्हा ते वारले. मला त्यांना हाक मारता आली नाही, म्हणून त्यांचं नाव मी जवळ ठेवलंय. मागे निळ्या शर्टात उभे आहेत ते माझे बाबा. त्यांचं नाव माझ्या नावात नाही. त्यांना मी हाक मारली की ते येतात."