स्वस्तिक काढलेला ड्रम

बाबांची मोटार माझ्याहून वयानं मोठी. ब्रेक दाबला की आतल्या सळया कुरकुरायच्या आणि गाडी आपल्या मर्जीनं थांबायची. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यांचे दिवस. ठाकूरद्वारच्या नाक्यावर एकदा मोर्च्यातली एक बाई अचानक समोर आली, आणि गाडी तिच्या पदराला टेकून उभी राहिली. बाई हसून पुढे गेली. बाबा मात्र त्या दिवसापासून स्टिअरिंगला हात लावीनात. जन्मभर गाडीवर जीव टाकलेला माणूस, संध्याकाळी गॅलरीतून तिच्याकडे नुसता बघत बसायचा. मला मेलीला ते बघवेना.

मीच धोशा लावला, नव्या गाडीचे हब, म्हणजे चाकांचे तुंबे, आणि तेलाच्या दाबावर चालणारे ब्रेक बसवून घेऊ या. लालबागचा मिस्त्री म्हणाला, "बसवून टाकू, कोण बघतंय?" पण बाबा ताठ. आधी अर्ज, मग परवानगी, मग काम, मग तपासणी. गाडीच्या पुस्तकात नोंद झाल्याशिवाय ती रस्त्यावर यायची नाही. "कागद रंगवण्यातच जन्म जाणार आपला," मी तोंडावर बोलले.

परवानगी आली ऐन नवरात्रात. खंडेनवमीला हब आणि ब्रेकचे ड्रम पाटावर मांडले. झेंडूचा वास, उदबत्तीचा धूर, खिडकीतून आलेलं पिवळं ऊन. डोळे मिटले की अजून ती सकाळ माझ्याभोवती तरंगते. त्याच गुंगीत मी तेलात कुंकू कालवून एका ड्रमवर स्वस्तिक काढलं. बाहेरून काढलं तर चिखलानं जाईल, म्हणून आतून. अक्कल बघा माझी! ब्रेक जिथे घासून चाक धरतो, नेमकं तिथेच तेल.

तपासणीला मिस्त्रीनं ब्रेक दाबला आणि गाडी तिरकी फरफटत गेली. तपासनीसानं मान हलवली. बाबांचा चेहरा एवढासा झाला. "राहू दे. विकून टाकू," ते म्हणाले.

मिस्त्रीनं तिथेच चाक खोललं. आत सगळं लालभडक. ड्रम बसवताना त्यानं ते पाहिलं होतं. माझ्याकडे बोट करून तो आपल्या मालवणीत म्हणाला, "चेडवान काढलेला स्वस्तिक, ता मी कसा पुसतलंय?" बिचारा मान खाली घालून उभा. मी मेल्याहून मेल्यासारखी झाले. "चूक माझी आहे, त्यांची नाही," मी रडतच सांगितलं. तपासनीस हसू दाबत म्हणाला, "पुसा, ब्रेकचे तेलकट लायनर बदला, पुन्हा आणा."

पुढच्या खेपेला गाडी जागच्या जागी थांबली. पुस्तकात नोंद झाली. तरी बाबा चालवायचं नाव काढीनात!

मग आपलं राज्य झालं. त्या संध्याकाळी गिरगावभर दिवे लागले, आणि बाबा एकदम म्हणाले, "चल गं." गाडी उजेडातून वाहत असल्यासारखी चालली होती. तोच नाका आला. गुलालानं माखलेली एक चिमुरडी समोरून धावली. बाबांनी नुसता पाय टेकवला, आणि गाडी चांगली चार हात अलीकडे उभी राहिली. पोर पलीकडे पोचलीसुद्धा.

बाबांनी माझं मनगट घट्ट धरलं. "थांबली गं," ते म्हणाले. "थांबली." त्यांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. मागून हॉर्न वाजत होते, वाजू देत.