जेनीचे उच्चार

मुलं गोल करून बसली होती. मी गोष्ट वाचत होते. मार्गारेट आली आणि तिनं माझ्या हातातलं पुस्तक मिटलं. माझं बोट आतच राहिलं.

"सिस्टर, पुढच्या शुक्रवारपासून हा वर्ग मी घेईन," ती इंग्रजीत म्हणाली. आवाज गोड. "जेनी घरी तुमच्यासारखं बोलायला लागलीय. उच्चार बिघडले तर इंग्लंडच्या शाळेत मुलं तिला हसतील. तुम्ही किचनमध्ये आयांना मदत करा ना."

जेनी तिची मुलगी. सहा वर्षांची. माझ्या मांडीला टेकून बसली होती. ती सरकली आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली. तिथं काहीतरी घाण लागलीय, असं.

साठचं दशक चालू आहे. मी दुबईत एका दवाखान्यात नर्स आहे. खाडीपलीकडे हेन्री आणि मार्गारेटच्या बंगल्यात दर शुक्रवारी युनिटेरियन पंथाचे लोक जमतात. थोडीच घरं, सगळी इंग्रज; मोठी माणसं प्रार्थनेला बसली की मुलांचा वर्ग मी घ्यायचे. देव एक, माणसं सगळी सारखी, मध्ये पुरोहित नको, हे त्यांचं म्हणणं. मला ते घरचंच वाटलं. माझे वडील साताऱ्याकडचे महार. तेही असल्याच एका देवाच्या मंडळीत गेले होते. तिथंही जन्मभर दाराशी, चपलांशेजारी बसून त्यांनी प्रार्थना केली. पुढे या, असं त्यांना कुणी म्हटलं नाही. लहानपणी मी त्यांच्याजवळ बसायचे. मला वाटायचं, देव चपलांच्या बाजूलाच असतो.

पुढच्या शुक्रवारी मी किचनमध्ये गेले. कपबशा विसळल्या. भिंतीपलीकडे हेन्री वाचत होता, आपण सगळे एका घरची माणसं.

त्यानंतर मार्गारेटचं ते उच्चारांचं वाक्य माझ्या मागे लागलं. वॉर्डात पेशंटशी बोलताना शब्द आधी तोंडात फिरवून बघायचे. बरोबर आहे का? मग गिळून टाकायचे. डॉक्टरांनी विचारलं, बरं नाही का? मी मान हलवली. पुढे पुढे मराठीसुद्धा हळू बोलायला लागले. कुणी तोंडाकडे बघितलं की जेनीचे डोळे दिसायचे.

शेजारी हमीदाभाभी राहायच्या. रत्नागिरीकडच्या. त्यांनी एकदा दारात अडवलं. "सिस्टर, तुमचा आवाज कुठं गेला?"

मी सगळं सांगितलं. त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुमच्या तिथं देव एकच ना? त्याला काय इंग्रजांचीच इंग्रजी कळते?"

मी नाही म्हटलं.

"मग किचन खलास. आत जाऊन बसा."

त्या शुक्रवारी मी सरळ हॉलमध्ये गेले. पहिल्या रांगेत बसले. प्रार्थना झाली. हेन्रीनं नेहमीसारखं विचारलं, "कुणाला काही सांगायचंय?"

मी उभी राहिले. माझ्याच इंग्रजीत बोलले. उच्चार सुधारले नाहीत.

"मी किती दिवस येतेय, पण तुमची सभासद नाही. मला मत देता येत नाही. मला सभासद करा. वर्ग परत द्या. जमत नसेल तर सगळे एका घरचे, हे वाचणं बंद करा."

मार्गारेटचा चेहरा लाल झाला. "आम्ही तुमच्याशी नेहमी चांगलं वागलो, सिस्टर."

"चांगलं वागलात. शेजारी बसवलं नाहीत."

हेन्री म्हणाला, "हे बोलायची ही जागा नव्हे."

"मग कुठली?"

त्यानं प्रार्थनेचं पुस्तक मिटलं. जेनी कोपऱ्यात होती. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.

वर्ग मिळाला नाही. सभासदत्वाचं बघू म्हणाले. एका घरानं येणं बंद केलं आणि दोष माझ्यावर आला. आजही वॉर्डात एखादा शब्द घशाशी अडतो. तरी मी बोलते.

दर शुक्रवारी अब्रातून, इथल्या लाकडी होडीतून, खाडी ओलांडते. कुणी सरकून जागा देत नाही, मी बसते. प्रार्थना संपली की उभी राहते आणि तेच विचारते, मला सभासद कधी करणार? ते खाली बघतात. बघू देत. मी हा देव सोडणार नाही. आणि त्यांना त्याच्या आड लपूही देणार नाही.