आत सोडलेला एक इंच

आमच्या घरात भिंतीवर देव कमी आणि मापाच्या टेपा जास्त. आमचं घराणं बेंगळूरूत कधी आलं हे कुणालाच नक्की ठाऊक नाही, पण आलं तेव्हापासून सगळे शिंपी, हे मात्र सगळे छातीठोक सांगतात. वंशात सुई खाली ठेवणारी पहिली मी. मारतहळ्ळीच्या एका ऑफिसात मी सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधते. दुसऱ्याच्या कामात खोट काढण्याचा पगार मिळतो म्हटल्यावर स्वभाव कसा असेल ते सांगायला नको.

चार वर्षांपूर्वी मी एका कॉफीमळेवाल्याकडून जुना पिकअप घेतला. पुढे पाच जणांची केबिन, मागे उघडा हौदा. एचएसआर लेआउटच्या आमच्या गल्लीत तो उभा राहिला की समोरच्या दोन मोटारींना लाज वाटायची. आई त्याला ‘लॉरी’ म्हणते. नावं ठेवली खरी, पण पहिल्याच दिवशी पुढची डावी सीट तिने काबीज केली. त्याचं कारण होतं. साध्या मोटारीत आईच्या पोटात ढवळतं, बसमध्ये तर विचारूच नका. या उंच सीटवर, समोर सगळा रस्ता दिसत असला, की मात्र तिला काही होत नाही. मग दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही चिक्कबळ्ळापूरला तिच्या अक्काकडे, म्हणजे माझ्या मावशीकडे जायला लागलो. मावशी ऐंशीच्या पुढची, घराबाहेर पडत नाही. दोघी बहिणी दिवसभर कोडबळी, म्हणजे तिखट कडबोळी, खात एकमेकींची उणीदुणी काढायच्या. आई त्या एका रविवारावर महिना काढायची.

मी मात्र गाडीच्या पायी वेडी झाले होते. इंटरनेटवर पिकअपवाल्यांचं एक वेगळंच जग आहे. कुठल्या वाळवंटातला माणूस गाडीखाली झोपून फोटो काढतो, कुठला नट किती जोराने आवळायचा ते आकड्यांत लिहितो आणि खाली शंभर जण त्याच्याशी भांडतात. मी ती भांडणं कादंबरीसारखी वाचायची. एअर फिल्टर बदलला, टर्बोचा दाब दाखवणारा काटा बसवला, आणि शेवटी ठरवलं की गाडी उचलायची, म्हणजे तिची उंची वाढवायची. मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांखाली ठोकळे, पुढे स्पेसर, चारी बाजूंना मोठे टायर. जेसी रोडवरच्या स्पेअर पार्टच्या दुकानांतून सामान आणलं आणि तीन शनिवार गाडीखाली काढले. ऑफिसातल्या मुलांनी विचारलं, मेकॅनिक कोण? मी ग्रीस लागलेली नखं दाखवली. तेवढं सुख मला बढतीनेही दिलं नव्हतं.

आईने गॅलरीतून पाहिलं आणि म्हणाली, “नाकापेक्षा मोती जड झाला गं.”

मी हसण्यावारी नेलं. पुढच्या रविवारी ती जरीकाठी साडी नेसून, कोडबळ्यांचा डबा घेऊन खाली आली. दार उघडलं, पाय उचलला. पाय पोचला नाही. दुसरा उचलला, तोही नाही. मी प्लास्टिकचं स्टूल आणलं, ते डगमगलं आणि तिने घाबरून माझा खांदा धरला. गल्लीतला इस्त्रीवाला बघत होता. आईने पदर सारखा केला, डबा उचलला आणि म्हणाली, “सरी, ठीक आहे, राहू दे. गाडी वर नेलीस. मला कोण वर नेणार?”

घरात जाऊन तिने मावशीला फोन केला. “अक्का, आज या पोरीला ऑफिसचं काम निघालं,” म्हणाली. माझ्या हौसेवर तिने माझ्यासाठीच खोटं बोलून पांघरूण घातलं, आणि मी दाराआड उभी राहून ते ऐकलं. मला स्वतःची भयंकर लाज वाटली.

ठोकळे काढून टाकणं हा सरळ उपाय होता. तो सुचला नाही असं नाही. पण तीन शनिवारांचा घाम होता, आणि हट्टात मी आईचीच मुलगी. मी इंटरनेटवरच्या त्या जगाला विचारलं, की बाहत्तर वर्षांच्या, साडी नेसणाऱ्या बाईला उचललेल्या गाडीत कसं चढवायचं? गाडी खडकावर चढवण्याची अठरा उत्तरं ज्यांच्याकडे होती, त्यांच्याकडे याचं एकही नव्हतं. एकाने लिहिलं, उचलून ठेवा. त्याने माझी आई पाहिलेली नाही.

मग पायरी मीच करायची ठरवली. खाकी कागद पसरला, गाडीच्या कडेची मापं घेतली, नमुना कापला आणि मागच्या गल्लीतल्या वेल्डरकडे दिला. त्याने कागदाबरहुकूम पत्रा कापून पायरी जोडली. बसवायला गेलो तर ती दोन्ही टोकांना एकेक इंच जास्त, पुढच्या टायरला घासणारी. मी त्याच्यावर डाफरले. त्याने शांतपणे माझाच कागद पायरीवर ठेवला. तंतोतंत! वर्षानुवर्षं आईच्या शेजारी बसून नमुने कापलेल्या माझ्या हाताने, मला न विचारता, शिलाईसाठी दोन्हीकडे एकेक इंच आत सोडला होता.

“इदु बट्टे अल्ला अक्का, तगडु,” तो म्हणाला. हे कापड नाही अक्का, पत्रा आहे. वर असा हसला की मलाही हसू आवरेना. शिवणकाम सोडलं असं मी कॉलेजपासून सांगत होते. शिवणकामाने मला सोडलं नव्हतं.

ते इंच कापून पायरी बसवली. जमिनीपासून केबिनपर्यंत सत्तावीस इंच. मी पायरी बरोब्बर मधोमध लावली होती. हिशेब चोख होता. आई आली, पाय उचलला, आणि तो पायरीच्या खालीच थांबला.

“अगं, जरा जोर तरी लाव!” मी ओरडले. ओरडल्यावर लगेच वाईट वाटलं, पण शब्द गेला तो गेला. आई वर घरात निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्यासमोर उभी राहिली, तेव्हा तिच्या गळ्यात टेप होती.

“गाडीची मापं घेतलीस,” ती म्हणाली. “माझं घेतलंस का?”

ऑफिसात मी रोज हेच इतरांना ऐकवते, की ज्याला वापरायचंय त्याला विचारलं का. आई भिंतीला हात टेकून उभी राहिली. “उजवा नाही, डावा आधी,” म्हणाली आणि दुखायला लागेपर्यंत पाय उचलून धरला. मी जमिनीपासून तळपायापर्यंत टेप लावली. नऊ इंच. मग धरायची मूठ कुठे हवी, त्यासाठी हात किती वर जातो ते घेतलं.

“लिही,” ती म्हणाली. तिची मापांची वही मी काढली. त्या वहीत निम्म्या गल्लीची पानं आहेत. माझी तर पाच, शाळेच्या फ्रॉकपासून. मी आईचं पान शोधायला लागले.

“काय शोधतेस?”

“तुझं पान.”

“माझं कशाला असेल?” ती म्हणाली. “जुन्या ब्लाउजवरून नवा बेततेय आजवर.”

पन्नास वर्षं सगळ्यांची मापं घेणाऱ्या बाईचं माप कुणीच लिहिलं नव्हतं. मी नवीन पान काढलं, वर ‘आई’ लिहिलं आणि खाली, ‘डावा पाय, नऊ इंच’.

वेल्डरकडे या खेपेला आई स्वतः आली. नऊ इंचांवर एक पायरी, अठरावर दुसरी, वर धरायला मूठ. खालची पायरी बिजागरीवर, गाडी चालताना दुमडून ठेवायची. तो पायरी अडकवायच्या पट्ट्यांना भोकं पाडायला लागला तशी आई म्हणाली, “स्वल्प थांब. खालच्या पायरीला आणखी तीन भोकं पाड, एकाखाली एक.”

“कशाला अम्मा? माप बरोबर आहे.”

“आजचं बरोबर आहे. वरती धरायला मूठ आहे, खालचं पाऊलच अवघड. उद्या हा पाय एवढाही उचलायचा नाही. वाढत्या अंगाला आपण कापड आत सोडतो ना? तसंच हे.”

तो माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, “पाड बाबा.”

त्या महिन्यात दोघी बहिणी पुन्हा भेटल्या आणि कोडबळ्यांत तिखट कमी पडलं यावरून तासभर भांडल्या. मी पायरीचा फोटो इंटरनेटवर टाकला. एकाने विचारलं, गाडी उचलायची आणि खाली शिडी लोंबकळवायची, ही कसली सुधारणा? मी त्याला लिहिलं, आधी तुझ्या आईचं माप घे.

याला आता दोन वर्षं झाली. गेल्या महिन्यात आई चढताना क्षणभर अडखळली, मूठ दोन्ही हातांनी धरली आणि काही झालंच नाही अशा चेहऱ्याने बसली. शनिवारी ती देवळात गेलेली असताना मी पाना घेऊन खालची पायरी एक भोक खाली उतरवली. वहीत नऊच्या खाली आठ लिहिलं.

रविवारी ती सहज चढली. पट्टा लावला, डबा मांडीवर घेतला आणि समोर बघत म्हणाली, “अजून दोन भोकं आहेत. चल.”