काकूंची सुट्टी

पूनम सागरमधल्या आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांइतक्या सुट्ट्या पृथ्वीच्या पाठीवर कुणी घेतल्या नसतील, आणि त्यातली एक आपल्या देशाची असेल तर शपथ. रत्नागिरीचा माणूस, सगळा जन्म बोटीवर आचारी म्हणून गेला. ज्या बंदरात सुट्टी, ती आपली सुट्टी, ही सवय निवृत्त झाल्यावरही सुटली नाही. पंधरा ऑगस्टला हे घरातली भांडी घासत बसणार. जपानात म्हणे समुद्राची सुट्टी असते, त्या दिवशी काका मासळीला हात लावत नाहीत. तिथेच डोंगराचीही असते, त्या दिवशी लिफ्ट सोडून जिना चढतात आणि मजल्यामजल्यावर पाणी मागतात. थायलंडच्या राजाच्या वाढदिवसाला वॉचमनला शिरा मिळतो. कोणता राजा, हे विचारणं त्या बिचाऱ्याने कधीच सोडलंय.

काकू महापालिकेच्या शाळेत शिकवायच्या. रजा म्हणून घेतली नाही कधी, अंगात ताप घेऊन फळ्यासमोर उभ्या राहायच्या. त्या गेल्या तेव्हा काका भर समुद्रात होते, शेवटचं तोंडही दिसलं नाही. तेव्हापासून दर सर्वपित्रीला काका गच्चीत पान ठेवतात आणि कावळा काही शिवत नाही. शेजारच्या पानांवर तुटून पडतात मेले, यांच्या पानाकडे ढुंकून बघत नाहीत. काकांचं म्हणणं सरळ होतं: सर्वपित्रीला आपल्याकडे सुट्टी नसते, मग ती येणार कशी?

बोटीवरच्या फिलिपिनो खलाशांनी त्यांना सांगितलं होतं, एक नोव्हेंबरला तिकडे सगळं बंद असतं, माणसं जेवण घेऊन आपल्या माणसांच्या कबरींपाशी दिवसभर बसतात. गेल्या वर्षी तेव्हा आपल्या शाळांनाही दिवाळीची सुट्टी होती. काकांनी भर दुपारी पान वाढलं आणि मला सोबत नेलं. मी मनात हसत होते. एरवी गच्चीत कबुतरांचा नुसता गोंधळ असतो, त्या दिवशी एकही नव्हतं. रस्त्यावर हॉर्न वाजत असणारच, मला काही ऐकू येत नव्हतं.

"आता मी बोटीवर जात नाही गं," काका पानाकडे बघत म्हणाले.

कावळा कठड्यावर कधी येऊन बसला, कळलंच नाही. ओरडला नाही. खाली उतरला, भाताला शिवला आणि काकांकडे बघत राहिला.

खाली येऊन काकांनी कुलूप काढलं तर आत पंखा फिरत होता. निघताना मीच तो बंद केला होता. मी उंबऱ्याबाहेरच थांबले. काकांना काहीच नवल वाटलं नाही. त्यांनी दोन पेल्यांत पाणी ओतलं आणि दाराशी येऊन हळूच म्हणाले, "तू जा आता. तिला आजचा एकच दिवस सुट्टी आहे."

आवाज नको म्हणून मी चपला हातात घेऊनच जिना उतरले.