धाकटीची पात

भाताची लावणी आम्ही बायका ओळीनं, जिची तिची पात म्हणजे पट्टा धरून, वाकून, मागं मागं सरत करतो. जिचा हात मंद, ती पुढंच अडकते. दोन्ही अंगांना रोपं उभी आणि मधे ती एकटी. मग तिची टर उडवायची, हे ठरलेलंच. माझी धाकटी जाऊ सकाळी लावणीत कुणाला हार जायची नाही, पण भाकरी खाल्ल्यावर तासाभरात तिचे हात गळायचे, पापण्या मिटायच्या.

“सकाळी घोडी आन् दुपारी म्हातारी! कोंडली बघा, कोंडली!” मीच ओरडायचे, दुसरं कोण.

“आक्का, जरा बसू द्या, मग लावते की.” बसून उठली की खरंच लावायची. म्हणूनच मला ते ढोंग वाटलं. दोन पावसाळे वाटलं.

घास गिळेना, तेव्हा पुण्याला नेली. डॉक्टरीणबाईंनी कागदावर चित्र काढलं. मी शाळेत गेले नाही, अक्षरं माझी मीच शिकले, पण ते चित्र मला अजून काढता येतं. मज्जातंतूच्या टोकातून रसायन सुटतं. स्नायूच्या पेशीवर रिसेप्टर असतात, त्यांवर ते बसलं की बारीक दारं उघडतात, सोडियमचे कण आत शिरतात आणि स्नायू आखडतो. हिच्या रक्तातल्या प्रतिपिंडांनी ते रिसेप्टरच अडवले होते, कितीतरी मोडले होते.

“मग सकाळी कशी लावायची?” मी विचारलं.

“विश्रांतीनंतर रसायन भरपूर सुटतं, उरलेल्या रिसेप्टरांवर भागतं. काम करत राहिलं की कमी पडतं. आळस नाही हो तो.”

आळस हा शब्द मी काढलाच नव्हता.

गोळ्यांनी वर्षभर बरी होती. मग छातीत कफ झाला, श्वास पुरेना, पुण्याच्या दवाखान्यात घशात श्वासाची नळी घातली. वेल्ह्याहून एसटीनं पोचायला मला दुपार झाली. तिचा हात धरून म्हटलं, “माझं चुकलं गं. लई बोलले तुला.” पापणीसुद्धा हलली नाही.

“हिला ऐकू जातं का?” मी नर्सला विचारलं.

“सगळं कळतं, मावशी. उत्तर द्यायला स्नायू लागतात ना. सकाळी या, सकाळी बोटं हलवतात.”

घरी गुरं होती, परत आले. दुसऱ्या दिवशी पहिली एसटी धरली. वाटेत नसरापूरला मोबाईल वाजला, दवाखान्यातून.

यंदा लावणीला तिची पात मी धरली. दुपारी अडकले, दोन्हीकडं रोपं. कुणीतरी ओरडावं म्हणून वाट बघत राहिले. बायका खाली बघून लावत होत्या.