उमाबाईंचे डंबेल

चिंतामणराव न्हाणीत पडले तेव्हा त्यांना उचलायला शेजारचे वीरेंद्रजी आणि त्यांचे दोन भाडेकरू आले. चिंतामणरावांच्या अंगावर टॉवेल होता, तोही नावालाच. वनविभागात रेंजर म्हणून हयात काढलेला माणूस तिघांनी धान्याच्या पोत्यासारखा पलंगावर आणून ठेवला. लकव्यानं डावी बाजू आधीच अधू झाली होती. संध्याकाळी ते एवढंच म्हणाले, "पुढच्या वेळी राहू दे मले तिथंच."

"हौ," त्यांच्या पत्नी उमाबाई म्हणाल्या, आणि सकाळी चिंतामणरावांची फिजिओथेरपी करणाऱ्या पौर्णिमाकडे गेल्या.

"यांचं नको पाहू, माझं पाह्य. मले यांना उचलता आलं पाह्यजे."

पौर्णिमानं समजावलं, की माणूस सबंध उचलायचा नसतो. खुर्चीचा आधार द्यायचा, जोर मांड्यांतून लावायचा. पण लावायला जोर तर हवा. तेव्हा घरीच वजनं उचला, हलक्यापासून सुरू करा, हळूहळू वाढवा. प्लेटा काढता-घालता येणारे डंबेल आणले म्हणजे एकाच जोडीत भागेल.

उमाबाई सरकारी कोषालयातून निवृत्त झालेल्या. आयुष्यभर दुसऱ्यांची बिलं उलटून-पालटून पाहिलेली बाई, डंबेलही तसेच पाहणार. नागपूरहून वैदेहीनं, त्यांच्या लेकीनं, मोबाइलवर एक फोटो पाठवला. "आई, यात नुसती चकती फिरवायची, वजन आपोआप बदलतं."

"अन् चकती बिघडली तं?"

"कंपनीकडे परत पाठवायचं."

एवढं लोखंड पोस्टात घेऊन जाताना उमाबाईंनी स्वतःला डोळ्यांसमोर आणलं. किमतीचा विषय काढायची गरजच पडली नाही.

बाजारातल्या खेळाच्या दुकानात मालकानं आधी दोन गुलाबी डंबेल पुढे केले. "आंटीजी, लेडीज़ में यही चलता है."

"मेरे को आदमी उठाना है," उमाबाई म्हणाल्या.

त्यानं गुलाबी डंबेल जागेवर ठेवून दिले.

मग प्लास्टिकच्या प्लेटा निघाल्या. आत सिमेंट भरलेलं, सगळ्यांत स्वस्त. उमाबाईंनी एक कानाशी धरून हलवली. आत खुळखुळ झालं आणि सांध्यातून तळहातावर करडी भुकटी पडली. त्यांनी ती काउंटरवर झटकली. दुसऱ्या जोडीत प्लेटा लोखंडी होत्या, पण गुळगुळीत रॉडवर नुसत्या चिमट्यानं अडकवलेल्या. रॉड तिरपा केला तशी एक प्लेट बोटभर सरकली. तिसऱ्या रॉडला आटे होते आणि टोकाला रबर लावलेला नट. उमाबाईंनी तो कसून आवळला आणि डंबेल उलटा करून जोरात हलवला. काही हललं नाही. दुकानदार मात्र मागे सरला.

"छोटी प्लेट ज्यादा देना."

"छोटी कोई नहीं लेता, आंटीजी."

"तो पड़ी होगी. दे दो."

मोठ्या प्लेटांनी वजन एकदम वाढतं, आणि या वयात मनगटाला एकदम काही चालत नाही, हे पौर्णिमानं सांगूनच ठेवलं होतं.

रोज सकाळी उमाबाई डंबेल छातीशी धरून खुर्चीवरून उठायच्या आणि बसायच्या. चिंतामणराव पलंगावरून लक्ष ठेवायचे. "नट कसला का?" हा त्यांचा प्रश्न ठरलेला. मध्ये उमाबाईंचा खांदा धरला, तेव्हा पौर्णिमानं काही दिवस सुट्टी घ्यायला लावली. सुट्टीत चिंतामणरावांनाच करमेना. त्यानंतर प्लेटा वाढत गेल्या.

हिवाळ्यात ते पुन्हा पडले, वरांड्यात. उमाबाईंनी कुठं लागलं का ते विचारलं, खुर्ची ओढून आणली, त्यांचा चांगला हात तिच्यावर ठेवला, गुडघ्यांत वाकून पौर्णिमानं बांधायला लावलेला त्यांच्या कमरेचा पट्टा धरला आणि म्हणाल्या, "आता." पहिल्यांदा जमलं नाही. दुसऱ्यांदा ते उठले आणि खुर्चीवर बसले.

चिंतामणरावांनी शेजारच्या घराकडे पाहिलं.

"वीरेंद्रले नाही बोलावलं?"

"काहून बोलवू?"

जेवताना चिंतामणराव म्हणाले, "लांजीले प्रीतमच्या पोरीचं लग्न हाय म्हणते. जाऊ."

प्रीतम म्हणजे त्यांचा पुतण्या. लकवा झाल्यापासून चिंतामणरावांनी एकाही लग्नाला होकार दिला नव्हता, पडलो तर चारचौघांत कोण उचलेल म्हणून.

लांजीच्या बसची पायरी उंच होती. कंडक्टरनं वरून हात पुढे केला.

"राहू द्या," चिंतामणराव म्हणाले. "माणूस आहे सोबत."

उमाबाईंनी मागून त्यांचा पट्टा धरला. मागच्या लोकांना थोडं थांबावं लागलं.