भुजण्याबरोबर शाब्ली

दारूबंदीच्या मुंबईत फ्रेंच वाइनबद्दल सर्वांत जास्त माहिती असलेला माणूस ठाकूरद्वारला दुसऱ्या मजल्यावर राहत होता आणि त्याने आयुष्यात वाइनचा एक थेंबही चाखलेला नव्हता. ते आमचे आतोबा, म्हणजे माझ्या सख्ख्या आत्याचे यजमान. फ्रान्समधल्या कुठल्या नदीच्या कुठल्या काठावर कोणती द्राक्षं पिकतात, उन्हाकडे तोंड करून बसलेल्या टेकडीची वाइन आणि पाठ फिरवलेल्या टेकडीची वाइन यांत काय फरक, एका खेड्यात बदकाबरोबर जी पितात तिला शेजारचं खेडं नाक का मुरडतं, हे सगळं त्यांना मुंबईच्या गल्ल्यांपेक्षा पक्कं ठाऊक होतं. मुंबईच्या गल्ल्यांत ते चुकत. एकदा परळला लग्नाला म्हणून निघालेले आतोबा लालबागला भलत्याच मांडवात जेवून आले आणि टोपी खुंटीला अडकवताना म्हणाले, "मठ्ठा उत्तम होता, पण मुलीकडचं कोणी ओळखीचं दिसलं नाही."

ही विद्या त्यांना बॅलार्ड पियरवरच्या एका फ्रेंच जहाज कंपनीच्या कचेरीत लागली. आतोबा तिथे हेडक्लार्क होते. बंदरात आलेल्या जहाजांवरून जेवणाची छापील कार्डं कचेरीत येत. डाव्या बाजूला पदार्थ आणि उजव्या बाजूला त्याच्याबरोबर घ्यायची वाइन. बाकीचे कारकून त्या कार्डांच्या पाठीवर बेरजा करत. आतोबांनी ती घरी आणली, शब्दकोश घेऊन बसले आणि त्यातून फ्रेंच शिकले. त्यामुळे त्यांच्या फ्रेंचमध्ये क्रियापदं फारशी नव्हती, पण खाण्यापिण्याची नावं झाडून सगळी होती. कचेरीतल्या फ्रेंच साहेबाशी बोलताना त्यांचं काही अडत नसे आणि त्याच्याकडून ते वाइनवरची पुस्तकंही मिळवत. आम्हां पाठारे प्रभूंचं निम्मं आयुष्य नाहीतरी आज काय शिजलंय याच विषयावर जातं, आणि फ्रेंच माणसाचंही तसंच असतं हे कळल्यावर आतोबांना तो देश सोयऱ्यांचाच वाटू लागला.

घरात देव्हारा आणि कॅलेंडर यांच्या मधोमध फ्रान्सचा नकाशा होता. बोर्दो, बर्गंडी, अल्सास, शांपेन अशा प्रांतांना आतोबांनी वेगवेगळे रंग दिले होते. ते दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे. ज्याच्या त्याच्या भिंतीवर नकाशा आणि ज्याच्या त्याच्या तोंडी सीमा. एकदा चळवळीतले एक कार्यकर्ते चहाला आले आणि भिंतीसमोर बराच वेळ उभे राहून त्यांनी गंभीरपणे विचारलं, "यात बेळगाव कुठं दाखवलंय तुम्ही?" दुसरा कोणी असता तर हसून सोडून देता. आतोबांनी त्यांना खुर्चीत बसवलं आणि शांपेनची हकिगत सांगायला घेतली. सरकारने सीमा आखताना एक अख्खा जिल्हा शांपेनमधून वगळला, तेव्हा तिथले द्राक्षवाले शेतकरी खांद्यावर कुदळी टाकून रस्त्यावर आले, आम्ही शांपेनचेच आहोत म्हणून गावंच्या गावं पेटून उठली. कार्यकर्ते इतके भारावले की पुढच्या रविवारी चाळीच्या चौकातल्या सभेत त्यांनी आतोबांना बोलायला उभं केलं. आतोबा तासभर बोलले. सीमालढ्यावर त्यांना टाळ्या पडल्या, पण पुढे ते बुडबुडे बाटलीत कसे धरून ठेवतात याकडे वळले, तेव्हा अध्यक्षांनी त्यांचा सदरा मागून ओढला.

रविवारी सकाळी त्यांच्याबरोबर मासळीबाजारात जाणं हा एक सोहळा असे. लोक मासळी पाहून जेवण ठरवतात, आतोबा वाइन ठरवून मासळीला निघत. "आज मस्कादे," असं जिना उतरताना जाहीर झालं की समजायचं, आज कालवं येणार. मग वरळी कोळीवाड्याहून येणाऱ्या कोळणीपुढे उकिडवं बसून, ही कालवं खडकावरची की चिखलावरची, खाडीच्या तोंडाजवळ गोडं पाणी किती येतं, अशी उलटतपासणी चाले. ती बिचारी दोन रविवार उत्तरं देत राहिली. तिसऱ्या रविवारी म्हणाली, "दादा, कालवं खायाची हायेत का त्यांच्याशी सोयरीक करायची हाय?" आतोबांना हा प्रश्न इतका आवडला की त्यांनी ती म्हणेल त्या भावाने टोपली उचलली.

आणि मस्कादे कुठून आणायची? तर ती लिंबाच्या पाण्यातून. साखर न घालता, मिठाची कणी टाकून. कोरा चहा गार करून ठेवला की झाली बोर्दो, ती मटणाबरोबर. कोकमाचं फिकट पाणी ही दक्षिणेकडची गुलाबी. मधाचं पाणी म्हणजे सोतर्न, पुरणपोळीच्या शेजारी. चोरबाजारातून आणलेल्या लांब दांड्याच्या पेल्यांतून आतोबा हे सगळं आम्हाला वाढत आणि पेला कसा फिरवायचा, नाक कुठवर घालायचं, घोट जिभेवर कसा घोळवायचा हे शिकवत. आम्ही भाचरं चहा घोळवून घोळवून पीत असू. "आता घशाशी काय जाणवतं?" आतोबा विचारत. "चहा," मी म्हणे. "नीट पाहा," ते म्हणत. आत्या पोळी उलटताना आतूनच म्हणे, "अहो, त्याला जेवू द्या. त्या चहाची चव मी सकाळपासून घेतेय." हातभट्टीचा मात्र त्यांना मनस्वी तिटकारा. नवसागर आणि सडका गूळ उकळून पिणाऱ्यांना शिक्षा काय करायची, ती त्यांना आतूनच होत असते, असं त्यांचं मत होतं. कायदा मोडून दारू पिणं त्यांना जमण्यातलं नव्हतं. पण एकदा, फक्त एकदा, खरी वाइन आणि आत्याच्या हातचं भुजणं एकत्र जिभेवर यावं, एवढी एक इच्छा त्यांनी उराशी बाळगली होती. कांदा, लसूण, हिरवी मिरची, कोथिंबीर आणि पापलेट, पाण्याचा टिपूस न घालता शिजवलेलं भुजणं. त्याच्याशी शाब्ली नावाची कोरडी पांढरी वाइनच जमेल, दुसरी कुठलीही नाही, असा त्यांचा सिद्धान्त होता. पण सिद्धान्त पडताळून पाहायचा कसा?

ती संधी अचानक आली. कचेरीतला फ्रेंच साहेब कायमचा मायदेशी निघाला. परदेशी म्हणून त्याच्याकडे दारूचा परवाना होता. तो आतोबांना म्हणाला, "जायच्या आधी तुझ्या घरी जेवायला येतो. माझ्या वाट्यातली शाब्ली आणतो. तू तेवढा परवाना काढ, म्हणजे दोघं मिळून पिऊ." त्या दिवशी आतोबा कचेरीतून ठाकूरद्वारपर्यंत जवळजवळ धावत आले. परवाना तेव्हा प्रकृतीच्या कारणावरून मिळे. सरकारी डॉक्टरांच्या मंडळापुढे उभं राहायचं आणि दारूवाचून आपलं चालत नाही हे पटवायचं. निम्मी मुंबई हे नाटक बिनदिक्कत वठवत होती. आम्ही आतोबांना घरी तालीम दिली. हात थरथरवून दाखवला, झोप लागत नाही म्हणायला सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

मी त्यांच्याबरोबर गेलो होतो. समोर तिघे डॉक्टर. मधल्या डॉक्टरांनी विचारलं, "किती वर्षं घेता?"

"मुळीच घेत नाही," आतोबा म्हणाले.

"मग परवाना कशाला?"

"अभ्यासाला."

मी मागून खोकलो. काही उपयोग झाला नाही. आतोबांनी शाब्लीच्या जमिनीपासून सुरुवात केली. तिथे एके काळी समुद्र होता, अजूनही मातीत शिंपल्यांचे ठसे सापडतात, म्हणून ती वाइन मासळीला ओळख देते, हे सांगून ते भुजण्यावर आले. कांदा किती चिरायचा, झाकणावर पाणी का ठेवायचं, पापलेट शेवटी का सोडायचं. मंडळाचं कामकाज थांबलं. दाराशी खोळंबलेले खरे पिणारे आत डोकावू लागले. शेवटी मधले डॉक्टर भानावर आले आणि म्हणाले, "साहेब, तुमच्याइतका निरोगी माणूस या खोलीत आजवर आलेला नाही. परवाना देता येत नाही." आम्ही उठलो, तेव्हा कडेच्या डॉक्टरांनी हळूच विचारलं, "लसूण ठेचायची की चिरायची म्हणालात?"

आतोबा मान खाली घालून घरी निघाले. त्यांचा तो उतरलेला चेहरा मला बघवेना. दोन शब्द खोटं बोलले असते तर काय बिघडलं असतं, असं मी चिडून म्हणालो. "अरे, आयुष्यात पहिल्यांदा मला कोणीतरी नीट बसून विचारलं," ते म्हणाले, "तेव्हा खोटं कसं सांगू?"

साहेब ठरल्या संध्याकाळी आला. शेजारच्यांचं टेबल आणलं होतं. बाटली इराण्याकडच्या बर्फात ठेवली, कारण बाजारातल्या बर्फाला बोंबलाचा वास येतो. खाली रस्त्यावरून मोर्चा चालला होता, मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे. साहेबाने विचारलं, "काय म्हणतायत?" आतोबा म्हणाले, "तुमचे शांपेनवाले म्हणत होते तेच." आत्याने भुजणं वाढलं. साहेबाने एक घास घेतला, एक घोट घेतला आणि चमचा खाली ठेवला. आतोबा टेबलाची कड धरून त्याच्या तोंडाकडे पाहत होते. साहेबाने डोळे मिटले, पुन्हा घास, पुन्हा घोट. मग त्याने न विचारता भुजण्याचं पातेलंच जवळ ओढलं.

"जमतं?" आतोबांनी विचारलं.

"ही दोघं एकमेकांना आधीच भेटायला हवी होती," साहेब बाटलीकडे आणि पातेल्याकडे बोट दाखवत म्हणाला आणि त्याने दुसरा पेला भरून आतोबांपुढे सरकवला. आतोबांनी तो उचलला, नाकाशी नेला, कितीतरी वेळ तसाच धरला आणि परत खाली ठेवला. परवाना नव्हता ना. तेवढ्यात आत्या पदर खोचून पुढे आली, तिने पेला उचलला आणि औषध घ्यावं तसा एक मोठा घोट घेतला.

"अगं, तुला परवाना नाही," आतोबा दचकून म्हणाले.

"पकडायला येईल तो शिपाई आधी भुजणं जेवेल," आत्या म्हणाली. "थांबा, बोलू नका." तिने दुसरा घोट घोळवला, अगदी आतोबा शिकवत तसा. "आंबट आहे. कैरीच्या सालीसारखी. आणि मागून, पाटा-वरवंटा धुतल्यावर ओल्या दगडाचा येतो ना, तसा वास. मग भुजण्यातली मिरची जरा शहाणी होते."

आतोबा खुर्चीवरून उठले. त्यांच्या सगळ्या पुस्तकांत शाब्लीला ओल्या दगडाचा वास असतो असंच लिहिलं होतं आणि आत्याने त्यातलं एकही उघडून पाहिलेलं नव्हतं. ते साहेबाला ते फ्रेंचमध्ये सांगू लागले, क्रियापदांशिवाय, हातवारे करत, आणि सांगता सांगता त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. त्या संध्याकाळी मला आतोबांइतका सुखी माणूस दुसरा माहीत नव्हता.

पुढे महाराष्ट्र झाला, मुंबई आपल्याला मिळाली. दारूबंदी काही लगेच गेली नाही, हळूहळू सैल झाली. परवाना मागेल त्याला मिळू लागला, तोवर आत्या गेली होती. मी आतोबांचा परवाना काढला, खटपट करून एक शाब्लीही मिळवली आणि ठाकूरद्वारला घेऊन गेलो. त्यांनी पेला फिरवला, वास घेतला, घोट घेतला आणि पुष्कळ वेळ घोळवला.

"कशी आहे?" मी विचारलं.

"आंबट आहे," आतोबा म्हणाले. मग पेला खाली ठेवून म्हणाले, "पुढचं तिलाच सांगता यायचं रे."